चुण्या

इंटरमिजिएटला महिना उरलेला.
माशाळ सरांनी टेबलावर मांडला तांब्या, दोन वांगी,
आणि मागे टांगली
मी घरून आणलेली चादर.

'माहीत आहे ते काढू नका,' म्हणाले,
'दिसतंय ते काढा. आज नुसती पेन्सिल.'

मला तर सगळंच माहीत.
नान्ना ग्राफपेपरवर चौकोन भरतात,
चौकोनांचा मोर होतो,
मोराची पुठ्ठ्यावर भोकं,
मग मागावर खडखड खडखड
मोरामागून मोर, सगळ्यांची मान सारखी.

इथं मानच दिसेना.
चोच अलीकडे, डोळा चुणीच्या पलीकडे,
मधे काळोख.
तीनदा खोडलं. कागदाला लव आली.
मग राहू दिला काळोख.

घरी नान्नांनी कागद ट्यूबलाइटखाली धरला.
'मान तुटलीय. व्यापारी परत पाठवेल.'
आणि जेवायला बसले.

रात्री साखर पेठेतले माग थांबल्यावर
जाग आली, तर
ते कॉटवरच्या चादरीला चुण्या घालतायत,
मान तिरकी करून बघतायत,
पुन्हा मोडतायत, पुन्हा घालतायत.

मी डोळे मिटून घेतले.

सकाळी कंपासपेटीत
माझी सिक्स-बी बोथट.