फेरफार

वेंट्सपिल्सच्या बंदरात जानेवारीत
क्रेनच्या तारांवर बर्फ धरतो,
आणि कुठलं जहाज कुठल्या धक्क्याला
हे तीन यंत्रं आपसांत ठरवतात.
एक सांगतं, दोन टिपून घेतात.
सांगणारं मुकं झालं तर उरलेली दोघं
कौल लावतात, त्यातलं एक बोलू लागतं.
इथवर सगळं शहाण्यासारखं.

गुंदार्सनं त्या रात्री, सव्वादोनला,
प्रत्येक चौकशीमागची मेमरी
चाराची सोळा केली.
बोलणाऱ्या यंत्रावर. एका फाइलीत. हाताने.
रूट होऊन आत गेला होता तो,
म्हणजे असा पाहुणा
ज्याला कुठलंच दार अडवत नाही
आणि जो जिथे बसेल ती जागा त्याच्या नावावर होते.

फाइल जतन केली. डेटाबेसला म्हणाला, पुन्हा वाच.
डेटाबेसनं हात पुढे केला,
स्वतःचीच फाइल, उघडेना.
लॉगमध्ये एक ओळ टाकली, परवानगी नाही,
आणि पाठ असलेल्या जुन्या आकड्यांवर
निमूट काम चालू ठेवलं.
तेवढ्यात धान्याचं जहाज सुटलं, भार उतरला.
गुंदार्सला वाटलं, आपल्याच हाताला यश आलं.
झोपला बिचारा.

अकरा दिवस.
अकरा दिवस ती ओळ कोणी वाचली नाही.
रविवारी यंत्र बंद करून चालू केलं
तर ते उठेचना.
दोघांनी कौल लावला, बंदर चाळीस सेकंद थांबलं,
एका डॅनिश कप्तानानं दोनदा विचारलं, मग चहा घेतला.

सोमवारी मी
सातबारा काढावा तसा फाइलीचा उतारा काढला.
वहिवाट डेटाबेसची, चौदा वर्षांची.
मालकाच्या रकान्यात: रूट.
शेजारी तिचीच भावकी:
जुनी, जुनी-२, खरी-जुनी, गुंदार्स, हात-लावू-नका.
एका ओळीत नाव परत फिरवलं. यंत्र उठलं.
फेरफार मंजूर करायला
तलाठी लागला नाही, नुसता पासवर्ड.

रेनार्स म्हणाला, आता हाताने काही नाही.
एकच मसुदा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.
त्यावरून राखणदार प्रोग्राम
तिन्ही यंत्रांवर फाइली लिहील,
आणि कोणी मध्येच खाडाखोड केली
तर मुकाट्यानं पुसून पुन्हा लिहील.
प्रत्येक फाइलीच्या कपाळावर आता हे:
"हाताने बदलू नये. बदललेलं टिकणार नाही."
गुंदार्सनं वाचलं. म्हणाला,
हे माझ्या थडग्यावर घाला.

राखणदार आकडे नेतो. टिपणं नेत नाही.
जुन्या फाइलीत, दोनशे अकराव्या ओळीवर,
आकडा होता चाळीस, आणि पुढे:
"बर्फाच्या हिवाळ्यासाठी. कमी करू नका. – स्का."
स्काइद्रीते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली,
कुल्डीगाजवळ मधमाश्या पाळते.
पुसण्याआधी फोन केला.

ती इतकी हसली की मागे कुत्रं भुंकलं.
अगं, चाळीस कुठला, मी अंदाजानं टाकला होता,
त्या दिवशी चाळिसावं लागलं होतं मला.
बर्फाचं लिहिलं ते
कोणी हात लावू नये म्हणून.

चौदा वर्षं कोणी लावला नव्हता.
दोन प्रमुख बदलले, एक ऑडिट झालं,
ऑडिटवाल्यानं तर त्या ओळीखाली
कौतुकाची रेघ ओढलेली.

मग तिनं विचारलं, आता मालक कोण फाइलीचा?
म्हटलं, राखणदार.
थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला, तिकडचा का इकडचा कळेना.
त्याला रात्री फोन लागतो का, म्हणाली.

मसुद्यात चाळीस तसाच ठेवलाय.
कारणाच्या रकान्यात
दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं.
शेवटी तिचं नाव घातलं, पूर्ण,
आणि फोन नंबर.