आधी तळघर

बस. ती खुर्ची डुगडुगते, दुसरी घे.
महिन्याचा दुसरा मंगळवार, बोलिंग हॉलच्या मागची ही खोली.
भिंतीपलीकडे पिना कोसळतात, लक्ष देऊ नकोस,
आमचे निम्मे सौदे याच गडगडाटात ठरतात.
मी बर्निस कोव्हाल्चिक. एरी गावात सव्वीस दारं माझी,
म्हणजे सव्वीस बॉयलर,
आणि जानेवारीत पहाटे तीनला वाजणारा फोन.

कार्ड छापलंस? बघू. छान, गुळगुळीत आहे.
खिशात ठेव.
कार्डं वाटणारा इथे कोणाच्या लक्षात राहत नाही,
खुर्च्या उचलून ठेवणारा राहतो.

घर बघायला गेलास की आधी तळघर.
वरचा नवा ओटा भुलवायलाच बसवलेला असतो.
खाली उतर, दिवा लावू नकोस, नुसता वास घे.
ताज्या रंगाचा वास एकाच भिंतीला येत असेल
तर समज, त्या भिंतीनं काहीतरी गिळलंय.
मग बर्फ पडल्यावर परत जा, समोर गाडी लावून बस.
सगळ्या गल्लीत ज्याचं छप्पर आधी उघडं पडतं
त्या घराची ऊब आभाळात चाललीय,
आणि बिल तुझ्या नावावर यायचंय.
पोस्टमनला विचार. दलाल गल्ली सांगतो,
पोस्टमन घरं सांगतो.
भाडं हातात आलं की निम्मं बाजूला काढ;
ते तुझं नाही, घराच्या पोटाचं आहे.

तो कॉफीपाशी उभा आहे ना, लमाँट गेन्स, प्लंबर.
त्याचा नंबर बँकेच्या मॅनेजरपेक्षा मोलाचा.
त्याचे पैसे त्याच दिवशी दे,
हत्यारं पेटीत जायच्या आत.
ती दिलमाया घिमिरे. भूतान सुटलं,
सतरा वर्षं नेपाळमधल्या छावणीत गेली,
इथे पाच भावंडांनी पगार एकत्र करून दुमजली घर घेतलं.
छपराचं काहीही तिलाच विचार.
प्लास्टिकखाली पावसाळे काढलेल्या बाईला
गळती कुठून सुरू होते ते कळतं.

लिलावाचं म्हणतोस? कर थकलेली घरं?

थांब, हा गडगडाट संपू दे.

एकोणीसशे ब्याण्णव. अकराशे डॉलर थकले होते,
अख्खं घर मला साडेचार हजारात मिळालं.
कागद चोख. शेरीफची सही.
तळघरात उतरले, तर तुळईला ठोकलेली झाकणं,
आणि झाकणांना खालून फिरवून बसवलेल्या
बाळाच्या खाऊच्या रिकाम्या बरण्या, चाळीसएक.
आत खिळे, स्क्रू, वायसर, मापाप्रमाणे,
प्रत्येकीवर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी.
मी सगळ्या कचऱ्यात टाकल्या. दोन खेपांत.

आठवड्यानं दारात एक म्हातारा. टोपी हातात.
हार्लन बीटी. घराबद्दल अवाक्षर नाही.
म्हणाला, "तेवढ्या माझ्या बरण्या नेतो."
मी म्हणाले, "उद्या या."
आणि उद्या मीच तिकडे फिरकले नाही.

तेव्हापासून कानाला खडा.
बोली लावण्याआधी दार वाजवते.
आत कोणी असलं तर बसते, कागद वाचून दाखवते,
हप्ते बांधून मिळतात हे लोकांना माहीतच नसतं.
एकदोनदा थकबाकी मीच भरली,
हातचं घर सोडलं.
हे तोट्यात धरायचं की कशात,
माझ्या हिशेबनिसाला अजून उमगलेलं नाही.
मलाही नाही.
आणि खरं सांगायचं तर
दहा घरांपैकी सात रिकामीच निघतात,
ती मी घेते. संत नाही मी.

नऊ वाजले. हॉलवाला दिवे घालवेल.
ते टिपण ठेव आता,
आणि त्या खुर्च्या रचायला लाग.
डुगडुगणारी सगळ्यात वर ठेव.
लमाँट बघतोय.