अनुक्रमणिका

पुस्तक एकच होतं, आम्ही शहाण्णव.
नामालोम्बाबाईंनी ते टेबलावर पालथं ठेवलं,
केसांतली पिन काढून
पाठीतल्या दोन गंजक्या तारा उचकटल्या,
आणि देशाची घटना सुटी झाली,
लागली मालोम्बे सरोवराच्या वाऱ्यावर उडायला.
"धरा," म्हणाल्या बाई. "हाच आजचा धडा."

दोघांत एक पान.
राष्ट्राध्यक्षांच्या शपथेवरून दोघी झोंबल्या,
झेंड्याचं पान मिळालेला सुमाइली
आठवडाभर छाती काढून चालला.
मला आणि झिओनेला अनुक्रमणिका.
तिच्यात कायदा एकही नाही,
नुसती नावं, समोर टिंबं, टिंबांपुढे आकडा.
झिओने रडलीच. मग आम्ही वाटणी केली:
सम तारखा माझ्या, विषम तिच्या.

रोज सकाळी बाई एक प्रश्न टाकायच्या.
पंपावर कुणी रांग मोडली तर?
रात्री शिपाई दार ठोकायला लागला तर?
पहिल्या दिवशी सगळे छताकडे बघत बसले.
दुसऱ्या दिवशी माना आमच्याकडे वळल्या.
"बावीस," झिओने म्हणायची,
आणि बावीसवाले उठून वाचायचे, अडखळत,
अवघड शब्दापाशी मागून कुणीतरी हात द्यायचं.
तिसऱ्या दिवशी आम्हाला
मधल्या सुट्टीत कुणीतरी भाजलेलं मक्याचं कणीस दिलं.

गुरुवारी हेडमास्तर दारात उभे राहिले
आणि बिनगणवेशाची सात मुलं
तांदळातून खडे काढावेत तशी वेचून
घरी पाठवली.
बाई फळा पुसत राहिल्या.
फळ्यावर काही नव्हतं.
पाठमोऱ्याच म्हणाल्या, "हे कुठे लिहिलंय?"
झिओनेचं बोट ओळींवरून खाली उतरलं.
शिक्षण. टिंबं, टिंबं. अकरा.
"अकरा कुणाकडे?"
आनुसा उभी राहिली, रिकाम्या हातांनी.
"त्वायबूकडे."
त्वायबू सातांतला एक.

हजेरीच्या वहीत बाईंनी लिहिलं:
'वर्ग संदर्भ शोधायला गेला आहे.'
किनाऱ्यावर त्वायबू जाळं सांधत होता,
आई कढईत मंदासी तळत होती.
आम्ही पान मागितलं, त्याने आईकडे पाहिलं,
आईने टोपलीतल्या शेवटच्या पुडीकडे.
"कागद तो कागदच," ती पुटपुटली,
चार मंदासी बाहेर काढल्या,
चितेंजेला हात पुसून पान पुढे केलं.

तेलाने ते आरपार झालं होतं.
उजेडात धरलं तर
अकरा सुलटं, त्यातूनच बारा उलटं,
दोन्ही एकमेकांत घुसलेली.
आनुसा गाळत गाळत वाचू लागली:
"प्रत्येक... मुलाला..."
"थांब," त्वायबूची आई म्हणाली.
"प्रत्येक म्हणजे? सात सोडून?"
बाई बोलल्या नाहीत.
शहाण्णवातून सात वजा केलेले आम्ही
एकमेकांच्या पायांकडे बघत राहिलो.

हेडमास्तरांनीही ते खिडकीशी धरून वाचलं.
अंगठ्याला लागलेलं तेल
बराच वेळ रुमालाला पुसत होते.
सोमवारी सातही जण आले, त्याच कपड्यांत.

पुढे त्वायबूने पुस्तक शिवलं,
जाळ्याच्या सुईने, निळ्या नायलॉनने,
कोळ्याच्या गाठी मारून.
पुन्हा ते कधी नीट मिटलं नाही.

अनुक्रमणिका मात्र आम्ही परत दिली नाही.
सम तारखांना माझ्याकडे असते,
विषमलाही, खरं तर;
झिओने आता लिलाँग्वेत राहते.
कधी रात्री फोन करते, तब्येत विचारायच्या आधी विचारते,
"बघ रे जरा,
अकरा अजून अकरालाच आहे ना?"