परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील

उदगीरच्या कॉलेजात मला मधली खुर्ची दिली.
डावीकडे माजी प्राचार्य, उजवीकडे सहकारी बँकेचे साहेब.
शाल, नारळ, आणि एक पेन, न उठणारं.
फळ्यावर विषय, एका ओळीत न मावलेला:
सैन्याचे व गुप्तवार्ता खात्याचे अधिकार
कमी करावेत / करू नयेत.
दिल्लीत म्हणे याच विधेयकावर
तीन दिवस झाले बाकं वाजतायत.
इथे सात मिनिटं. सहाव्याला घंटी.

कुंपणानंच शेत खाल्लं, असं चौघांनी म्हटलं.
मी पेन्सिलीनं प्रत्येकाचा अर्धा गुण कापला.

अदनान सौदागर उठला, शर्टाच्या घडीसकट.
ज्याची पावती मागता येत नाही
असा पैसा घरात असू नये, म्हणाला,
आणि असा माणूससुद्धा.
दुधाच्या पिशवीवर तारीख असते,
माझ्या नावाच्या फायलीवर का नाही?
पोरं हसली. तो हसला नाही.

मग सुलक्षणा केंद्रे. हातात कागद नव्हता.
माझा भाऊ चौकीवर होता.
खबर तासभर आधी लागली असती
तर दोन्ही पायांनी आला असता.
ज्यांना देशाचे कान कापायचेत
त्यांनी एकदा किनीला यावं आमच्या घरी,
तो उंबरा कसा ओलांडतो ते बगावं.
घंटीवाला पोरगा घंटी विसरला.

माझी ओळख करून देताना म्हणाले होते,
टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं, निष्कलंक सेवा.
माईकवरून तो शब्द भिंतीला लागून परत आला.

त्या वर्षी मी तेवीसची.
समोर बोर्ड, दोऱ्या, पिना.
दर गुरुवारी रात्री नऊला
हबीब मास्तरांचा हैदराबादला ट्रंक कॉल, बहिणीला.
एक दिवस माझ्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल आलं,
त्यावर सफारीतला माणूस, वही, आणखी एक हेडफोन.
नाव त्यानं सांगितलं नाही,
आमच्या साहेबांनी विचारलं नाही.

आपा, गुडघा कसा आहे?
तो लिहायचा: गुडघा. खाली लाल रेघ.
लोणच्याची बरणी एसटीनं पाठवलीय.
बरणी. लाल रेघ.

तिसरा कान लागला की लाईन जराशी खोल जाते,
बादली पाण्याला टेकावी तशी.
मास्तरांना ते कळत असणार.
एका गुरुवारी बोलता बोलता थांबले, आणि म्हणाले,
ऑपरेटरबाई, तुम्ही जेवलात का?

सफारीवाल्यानं तेही लिहिलं.
जेवलात. लाल रेघ.
मी जेवले नव्हते.

पुढच्या गुरुवारी नऊला बोर्ड गप्प.
साडेनऊला तिकडून बहीणच लागली.
मी म्हणाले, नो रिप्लाय.
त्यानंतर चौदा महिने हर्सूलचं जेल.
सुटले तेव्हा आपा नव्हत्या,
आणि मास्तरांनी पुन्हा कधी ट्रंक कॉल लावला नाही.

पिन माझ्या हातात होती.
काढली असती तर तिथे दुसरी बाई बसवली असती.
हे मी पन्नास वर्षं स्वतःला सांगते.
खरंच आहे ते.
म्हणून तर अजून सांगावं लागतं.

समन्वयक कानाशी वाकले. बाई, बेरीज?
विषयमांडणी, उच्चार, खंडन, सभाधीटपणा.
गुडघ्याला रकाना नाही या कागदात.
त्या आपांच्याही नाही, या पोरीच्या भावाच्याही नाही.
अदनान एक्केचाळीस. सुलक्षणा एक्केचाळीस.

टाय नको, बाई, ढाल एकच आहे,
आणि आमदारसाहेबांना पाचला निघायचंय.
मी पेन्सिल उचलली.
पेन्सिलीचं चालत नाही, म्हणाले,
आणि स्वतःच्या खिशातलं पेन
टोपण काढून माझ्या हातात दिलं.

लाल होतं.