किती

ईश्वरी दहापर्यंत म्हणते
एका दमात, मध्ये श्वास नाही.
एकदोनतीनचारपाच हा तिच्यालेखी एकच शब्द,
लांबलचक, शेवटाला दहा नावाची शेपटी.
पाहुणे आले की आम्ही तिला स्टुलावर उभी करतो.
पाहुणे टाळ्या वाजवतात.
मीही वाजवतो, आणि मला ठाऊक असतं
की पोरीला अजून तीन ठाऊक नाही.

मी मापाडी. तुर्भ्याला, कांदा-बटाटा मार्केटात,
रात्री गाड्या लागल्यापासून काट्याशेजारी उभा.
गोणी चढते, मी ओरडतो, कारकून लिहितो.
उन्हं वर आल्यावर कोपरखैरण्याला घरी येतो
तेव्हा अंगाला कांद्याचा वास,
आणि डोक्यात आकडे अजून चालूच,
बटण बंद केल्यावर पंख्याची पाती फिरतात तसे.

टोपलीतले बटाटे तिच्यापुढे ओततो.
एक दे. देते.
दोन दे.
दोन्ही हातांत मावतील तेवढे आणून माझ्या मांडीवर टाकते.
तीन दे. तेवढेच.
पाच दे. तेवढेच, आणि वर एक लसणाची पाकळी.
एक म्हणजे एक.
त्यापुढचं सगळं पुष्कळ,
निरनिराळ्या नावांचं पुष्कळ.

बायको म्हणते, कसली परीक्षा घेताय, जेवू द्या तिला.
आणि भरवायला बसते:
दोन घास खा गं. आठ भरवते.
मी दारातून म्हणतो, दोन मिनिटांत आलो. तासाने उगवतो.
शेजारच्या निकमकाकू म्हणतात, चार लोक काय म्हणतील,
आणि ते चार लोक कुणी कधी मोजलेले नसतात.
पोरीने शिकावं तरी कुणाकडून?

दोन आलं ते चपलेतून.
धारण तलावाच्या कडेला खेळताना एक चप्पल पाण्यात गेली.
उरलेली हातात घेऊन ती घरभर फिरली,
'दोन नाही, दोन नाही' करत.
त्यानंतर दोन बटाटे मागितले की दोनच यायचे.
तीनला मात्र ओंजळ.

गंमत म्हणजे ताटं ती बरोबर मांडायची.
आईचं, माझं, तिचं.
'किती मांडलीस?'
बोट ठेवत जायची: एक, दोन, तीन.
'मग किती?'
पुन्हा पहिल्यापासून: एक, दोन, तीन.
'अगं पण किती?'
पुन्हा, जरा मोठ्याने,
बापाला ऐकू येत नसावं म्हणून.
किती हा तिला प्रश्न वाटतच नव्हता.
तो हुकूम होता: मोज.
आणि तीन हे शेवटच्या ताटाचं नाव.
'तीन आण' म्हटलं की आपलं ताट उचलून आणायची.

त्या रात्री काट्याशी माझं पहिल्यांदा लक्ष गेलं.
बेचाळिसावी गोणी चढते, मी ओरडतो बेचाळीस,
आणि तो शब्द त्या गोणीचा राहत नाही.
उडी मारून मागे जातो, पार पहिलीपर्यंत,
अख्ख्या थप्पीवर जाऊन बसतो.
ही उडी मी कधी शिकलो?
बाप खळ्यावर पायलीने भात मोजायचा,
पहिल्या मापाला एक म्हणायचा नाही, लाभ म्हणायचा.
लाभ, दोन, तीन.
मी बोटांवर तसंच म्हणायचो, आजी हसायची.
ते आठवतं. उडी आठवत नाही.

परवा आई भाजी चिरायला बसलेली.
ईश्वरी बटाट्यांना बोट टेकवत गेली,
एक, दोन, तीन, चार,
आणि थांबली.
मी म्हटलं, किती?
बटाट्यांकडे तिने पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं,
काय विचारतोय हा, अशा नजरेने.
'चार.'
पाच दे म्हटलं. एक आणून त्यात ठेवला.
सहा. अजून एक.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. कुकर ओरडला.
'आई, दोन झाल्या,' ती म्हणाली.

आज निघताना सवयीने बोललो, दोन मिनिटांत आलो.
ती दाराशी आली, दोन बोटं वर केली.
'दोन?'
एक पाय चपलेत घालून मी तसाच उभा.
'एक झोप,' म्हणालो.
एक तिला पहिल्यापासून येतं.