हजेरीत वारा

ऑर्कनीत डिसेंबरला दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतात.
झाड म्हणून दाखवायला आमच्या बेटावर
डॉक्टरांच्या अंगणातलं ते एक वाकडं सिकॅमोर,
म्हणून वर्गातला नाताळ मी कागदातून कातरते.

शेवटच्या तासाला व्याकरण नाही,
असं दरवर्षी जाहीर करते
आणि दरवर्षी घुसडतेच,
कडू गोळी जॅममध्ये लपवावी तशी.

आधी लॉटरी.
माद्रिदमध्ये मुलं बक्षिसांचे आकडे सुरात गातात.
आमच्याकडे बिस्किटांचा डबा, पिंगपाँगचे चेंडू
आणि एर्लेंड, ज्याचा आवाज याच आठवड्यात फुटलाय.
"सेतेन्ता इ त्रेस!"
सत्तरपर्यंत पोरगा, पुढच्या तीनला बाप्या.
हसून हसून इंगा बाकाखाली.

मग द्राक्षं.
वर्ष संपताना घड्याळाच्या दर ठोक्याला एक,
बारा महिन्यांच्या नशिबाची बारा.
आमचे बारा दोन चाळीसला वाजतात,
पातेल्याच्या झाकणावर, पळीने.
द्राक्षं उभी चिरलेली, मुख्याध्यापकांचा फतवा.
थोरफिनचे गाल सातव्या ठोक्यालाच भरले.
इंगा म्हणाली, आंबट आहेत,
आणि तिचा तर हात पोचला होता.

वाराने एकही खाल्लं नाही.
रुमालात बांधली, मोजून.

ऑगस्टात आली ती, एल आल्तोहून,
ढगांच्या शेजारातून थेट समुद्राच्या पायरीवर.
आई सामन माशांच्या कारखान्यात, सुटते पाचला.
आजीच्या भाषेत तिच्या नावाचा अर्थ चांदणी.
हजेरी घेताना मी म्हणते, "वारा",
तावदानं थरथरून "हजर" म्हणतात,
आणि ती नुसता हात वर करते.

माझं स्पॅनिश सालामांकाचं,
तीन महिन्यांचं, एकतीस वर्षांपूर्वीचं,
जीभ दातांत धरून बोलायचं.
ती ऐकत असली की वाटतं
मी कुणाचा तरी कोट घालून आलेय
आणि मालकीण पहिल्या बाकावर बसलीय.

शेवटी पत्रं, तीन राजांना,
जे जानेवारीच्या सहाला उंटांवरून भेटी घेऊन येतात.
पाच वाक्यं, तीन क्रियापदं, खाडाखोड चालेल.
एर्लेंडला मोटरसायकल.
इंगाला बहिणीपासून वेगळी खोली.
थोरफिनचा हात वर: उंट फेरीबोटीत चढतात का?
असली हवा असेल तर बोटच सुटत नाही, मी म्हटलं,
आणि त्याने ते पत्रात लिहून टाकलं,
राजांच्या माहितीसाठी.

वाराच्या कागदावर एकच शब्द.
एस्पेरो.
आणि पूर्णविराम, दाबून दिलेला.

माझं लाल पेन आपोआप उघडतं.
शब्दाखाली रेघ मारली, समासात लिहिलं:
वाट पाहतेस, की आशा आहे?
कुणाची? कशाची? स्पष्ट कर.
ऑक्टोबरात मीच तर शिकवलं होतं,
फळ्यावर, अर्थ नंबर एक, अर्थ नंबर दोन.

तिने वाचलं. बराच वेळ.
"आमच्या घरी नंबर नसतात, सेन्योरा."

घंटा झाली. डबे, कोट, एकच पळापळ,
कुणाची तरी कागदी चांदणी बुटाला चिकटून गेली.
मी झाकण पुसत होते.
वारा परत आली, हातात गाठोडं.
ही किती दिवस टिकतील?
सावकाश विचारलं तिने, एकेक शब्द सुटा करून,
नवशिक्याशी बोलावं तसं.

कुणासाठी, ते मी विचारलं नाही.
चिरलेली आहेत गं, म्हणाले, दोन दिवस,
फार तर तीन.
क्रियापद माझं चुकलं, बोलता बोलता कळलं मला.
तिने रेघ मारली नाही.

बाहेरचं दार हवेने दाबून धरलेलं.
दोघींनी खांदा लावला.