चकत्या

तांबट लेनमधली वरची खोली, खिडकीपाशी
एका तारेत ओवलेल्या चकत्या:
रुपयाएवढं तांबं, त्याहून लहान चांदी.
वाऱ्यावर किणकिणत असाव्यात,
खालच्या हातोड्यांत ऐकू येत नाहीत.

बाटलीतला हिरवा हिरवा नसतो.
भुरकट पीठ, कुठल्याही डब्यातलं.
आधी धुवायचं, नळाच्या पाण्यानं नाही.
द्वारकेच्या बॅटरीवाल्याकडून कॅन आणते मी.
ढवळायचं, थांबायचं, वरचं दुधाळ ओतून द्यायचं,
पुन्हा,
तळाशी बसेल तेवढंच आपलं.

विसपुतेकाका सांगायचे, नावावर जाऊ नकोस,
बाटलीवर काय, काहीही लिहितात.
तारेतल्या पहिल्या अकरा अजून त्यांच्याच.
मागे खिळ्यानं कोरलेलं:
चांदीवर, दोन थर.
तांब्यावर नको, काळवंडतो.
आणि एका लालवर नुसतंच
लबाड.

भट्टी आठशेवर. मी नव्वद मोजते.
चिमट्यातून निघते तेव्हा चकती निखारा असते,
निळा कुठला, पिवळा कुठला, सगळे एकाच अंगाराचे.
मग जाळीवर ठेवून बसून राहायचं.
रंग तापताना येत नाही,
निवताना येतो.
आधी कडा, मग पोट.

मंगळवारी भद्रकालीतून जैबुन्निसा आल्या,
रुमालात एकच कर्णफूल.
दुसरं गेलं, म्हणाल्या.
कुठं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्या हिरव्यासाठी एकोणीस चकत्या भाजल्या.
एक पोपटी निघाली, एक शेवाळी.
सहावी खोलीत जुळली,
गॅलरीत उन्हाला नेली तर परकी.
चौदावीच्या पोटात बुडबुडा.
सतरावी घाईत जाळीऐवजी फरशीवर ठेवली,
तडकली.
रागानं तिच्या पाठीवर "चूक" कोरलं
आणि दिली तारेत ओवून.

काल त्या आल्या, चष्मा विसरून.
निवडायला घेतलेल्या तांदळासारख्या
बोटांनी चकत्या सरकवत गेल्या.
थांबल्या.
"हाच."
सतरावी.

म्हटलं, ही फसलेली, हिला भेगा आहेत.
"त्यालाही होत्या," म्हणाल्या,
"हरवायच्या आधीपासून."
आणि रुमालाची घडी घालत बसल्या,
चार पदरी, आठ पदरी, पुढं होईना तोवर.

आता ती चूक कशी झाली ते शोधते आहे.
थर जाड होता का? फरशी ओली होती का?
त्या दिवशी पंखा चालू होता का?
सोळाव्या चकतीपर्यंत सगळं मागे कोरलेलं आहे,
हिच्या पाठीवर तेवढा तो एक शब्द.

वीस: कोरडी फरशी.
एकवीस: फरशी, वर पंखा.
बावीस: ओलं फडकं.
आत्ताच ठेवली, अजून काळीच दिसते.
खाली जेवायची सुट्टी झाली, हातोडे थांबले.
मी वाकून कान देते.

टिक्.

कडेला हिरवं येऊ लागलंय.
खिळा कुठं ठेवला मी?